मोझिला, आवृत्ती शून्य : आमची वाटचाल

२००९ साली नागपूरच्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघा भागीदारांनी ठोक व्यापाऱ्यांची ऑर्डर आणि उधारी सांभाळणारी वेब प्रणाली एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, लिहायला घेतली. पहिले ग्राहक इतवारीतले एक धान्याचे व्यापारी. त्यांना आम्ही आजही काकाजीच म्हणतो. संगणकावर सारे सुरळीत चालले आणि तीन वर्षांत इतवारी व कळमन्यातली अकरा दुकाने आमच्याकडे आली.

२०१२ च्या दिवाळीआधी काकाजींच्या विक्रेत्याने आयफोन घेतला आणि आमचे पान होम स्क्रीनवर चिन्ह म्हणून ठेवले. चिन्हावरून उघडले की लॉगिन व्हायचे, तूरडाळीचे पन्नास कट्टे लिहून 'पुढे' दाबले की पुन्हा लॉगिनचे पान समोर यायचे. तोच फोन, तीच सफारी, म्हणजे आयफोनचा ब्राउझर. पण सफारीतून थेट उघडले तर काहीच अडत नसे. ऐन हंगामात अशा ऑर्डरी अडकल्या आणि आमच्याच धंद्यातल्या एका गृहस्थांनी दुकानोदुकानी जाऊन सांगितले, की यांचा सर्व्हरच कमजोर आहे. आमच्या भागीदारांनाही ते पटले. त्यांनी वर्षभराचे भाडे आगाऊ भरून मोठा सर्व्हर घेतला आणि दोष तसूभरही हलला नाही. दोन दुकाने त्या गृहस्थांकडे गेली आणि सहा महिन्यांच्या पगाराची सोय त्या सर्व्हरमध्ये बुडाली.

चिन्हावरून पूर्ण पडद्यावर उघडलेल्या पानाला पत्त्याची पट्टी नसते, म्हणून घोळ डोळ्यांना दिसतच नव्हता. शेवटी मी पानाच्या तळाशी सर्व्हरला समोरचा ब्राउझर कोण वाटतो ते छापले. अक्षरे उमटली : मोझिला, आवृत्ती ०.०, कुकी नाही. कुकी म्हणजे लॉगिनची खूण जपायला ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. त्या रात्री मी ती ओळ किती वेळा वाचली असेन, सांगता येणार नाही. सफारी आपल्या यूजर एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो त्या ओळीत, 'व्हर्जन' आणि 'सफारी' हे शब्द पाठवते. होम स्क्रीनवरून पूर्ण पडद्यावर चालणाऱ्या पानाच्या ओळखीत हे दोन्ही शब्द नसतात. फ्रेमवर्कच्या ब्राउझर फाइलींतले साचे त्या ओळीला लागू पडेनात, म्हणून त्याने तिला कुठलातरी जुना मोझिला ठरवले आणि याला कुकी झेपत नाही असे गृहीत धरले. फ्रेमवर्कमधली लॉगिनची मूळ मांडणी उपकरणाची ओळख पाहून ठरणारी होती. त्यामुळे लॉगिनची खूण कुकीऐवजी पानाच्या पत्त्यात गेली. आमच्या मेनूतल्या साऱ्या लिंका मात्र संकेतस्थळाच्या मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू होत, म्हणून पहिल्याच दाबाला ती खूण गळून पडे. उपाय एका ओळीचा होता : वेब कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीत 'कुकीलेस'ची किंमत 'यूज कुकीज' करणे, म्हणजे नेहमी कुकीच वापरायला सांगणे.

ती ओळ लिहिली तोवर भागीदार निघून गेले होते. काकाजींना मी सारे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "जमलं ना आता? मग पैशाचं मी पाहतो." पाडव्याला त्यांनी पुढच्या वर्षाचेही पैसे दिले, त्या धनादेशावरच आमच्याकडे काम करणारी दोन मुले कामावर टिकली.

पुढची सात वर्षे काम चालत राहिले. २०१९ मध्ये आयपॅडची नवी प्रणाली, आयपॅडओएस १३, आली आणि आयपॅडची सफारी स्वतःची ओळख मॅकिंटॉश, म्हणजे ॲपलचा संगणक, म्हणून देऊ लागली. ओळखीवरून मांडणी बदलणाऱ्या आमच्या अहवालांत बोटाने दाबायची बटणे बारीक झाली. तेव्हापासून आम्ही ब्राउझरला नाव विचारणे सोडले. पडद्याची रुंदी, स्पर्शाची सोय, हवी ती क्षमता आहे की नाही, हेच पान स्वतः तपासते. क्रोम तर आता अँड्रॉइडवर फोन कोणताही असो, यूजर एजंटमध्ये फोनविषयी 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेल 'के' एवढेच सांगतो.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांनी लॉगिनची मांडणी फ्रेमवर्कच्या अंदाजावर सोडू नये. यूजर एजंटची पूर्ण ओळ पहिल्या दिवसापासून लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, ठेवावी आणि पान सफारीतून, होम स्क्रीनच्या चिन्हावरून व दुसऱ्या ॲपच्या आतून, असे तिन्ही मार्गांनी उघडून पाहावे. तक्रार आली की सर्व्हर विकत घेण्याआधी सर्व्हरला काय दिसते ते छापावे.

गेलेली दोन दुकाने परत आली नाहीत. आमचा सर्व्हर कमजोर नव्हता, हे त्या दोन्ही मालकांना मी स्वतः जाऊन सांगितले. त्यातल्या एकाने चहा पाजला आणि विषय बदलला.