खोक्यावर मोठ्ठं जीपीएस

पोळ्या लाटता लाटता मी २१२ पावलं चालले. बारा पोळ्या, ओट्याशी एका जागी उभी राहून. पावलं मोजणाऱ्या, मनगटावरच्या २,२९९ रुपयांच्या बँडने पहिल्याच संध्याकाळी हे सांगितलं आणि मला हसू आलं. खरं तर तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मी साताऱ्यात राहते, वय ४८. दोन वर्षांपासून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटात पळते. पळते म्हणजे चढाला चालते, उताराला पळते. सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये एकदा तरी उतरायचं मनात आहे, म्हणून आज किती अंतर झालं ते कळायला हवं होतं. फोनमध्ये अ‍ॅप होतंच, फुकटचं. पण बायकांच्या ट्रॅकपँटला खिसे का नसतात ते शिवणाऱ्यालाच विचारा. फोन हातात धरून पळायचं म्हणजे उतारावर एक हात कायम अडकलेला. म्हणजे मला घड्याळ हवं होतं ते फोन घरी ठेवता यावा म्हणून, आणि ही एकच गोष्ट मी विकत घेताना नीट विचारली नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात जीपीएस लिहिलं होतं. विक्रीच्या पानावर तेच, शेजारी डोंगरात पळणारी मुलगी. तिच्याकडेही फोन दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवून गेले. आमच्या फाटकापासून घाटातल्या एका वळणापर्यंतचं अंतर ह्यांनी पूर्वीच स्कूटरच्या काट्यावर मोजून दिलंय, बरोबर ३ किलोमीटर. बँडने जाऊन-येऊन ७.४ दाखवले. नकाशाची जागा कोरी. कॅलरी ६१०. ह्यांनी ते वाचलं आणि कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला, "सहाशे जाळल्यास ना? मग घे की दोन."

रात्री मुलाला पुण्याला फोन लावला. "अगं आई, ते कनेक्टेड जीपीएस असणार," तो म्हणाला. म्हणजे बँडला स्वतःला काहीच कळत नाही, तो खिशातल्या फोनकडून उसनं घेतो. फोन नसेल तर पावलं मोजायची आणि उंचीवरून काढलेल्या पावलाच्या लांबीने गुणायची. माझी उंची ५ फूट १ इंच, आणि बँडमध्ये आधीपासून १७० सेंटिमीटर भरलेली! त्यात चढावर मी टाकते वीतभर पावलं. सात किलोमीटर होणार नाहीत तर काय.

उंची-वजन दुरुस्त केलं. आकडा ६.६ वर आला. नकाशा कोराच.

मग परत करायचं ठरवलं आणि इथून पुढचे २३ दिवस माझे असे गेले, की पळण्यापेक्षा जास्त कॅलरी त्यातच जळाल्या असतील. कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळीकडे थोडंफार हेच चालतं असं मला आता वाटतं.

पानावर ७ दिवसांत परत असं लिहिलेलं. बटण दाबलं तर पैसे परतचा पर्यायच नाही, फक्त बदलून मिळेल. बदलून तसलाच दुसरा घेऊन काय करू? चॅटवर गेले. 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य चार वेळा आलं आणि चौथ्यांदा ते माणसानेच लिहिलं होतं म्हणे. मग तंत्रज्ञाचा फोन. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोन सोबत ठेवला तर चालतंय ना? मग प्रॉडक्टमध्ये फॉल्ट नाही." फोन सोबत ठेवायचा असता तर मी २,२९९ रुपये कशाला घातले असते, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. रीसेट करा म्हणाला. केला. उंची पुन्हा १७० झाली.

सहाव्या दिवशी पिकअपला पोरगा आला. घामाघूम, पाठीवर त्याच्याएवढी बॅग. त्याने खोकं उघडलं, सिरियल नंबर जुळवला, बँडचे चारी बाजूंनी फोटो काढले. मग म्हणाला, "ताई, हे तर चालू आहे. चालू वस्तू ॲप घेतच नाही." माझा चेहरा पडलेला बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. हळूच म्हणाला, "मी लिहू का, चालू होत नाही म्हणून?" खोटं बोलायचं जिवावर आलं होतं, पण म्हटलं लिही बाबा. त्याने पडदा काळा असलेला फोटो घ्यायला बँड उचलला. उचलल्याबरोबर तो उजळला, थरथरला आणि त्यावर बसून राहू नका, जरा चाला अशी सूचना आली. दोघेही बघत राहिलो. फोटोत तेच आलं.

पाणी पिऊन पोरगा गेला. संध्याकाळी मेसेज: 'ग्राहकाने विनंती रद्द केली.' मी रद्द केली! आठव्या दिवशी ते बटणच गायब झालं.

इथे ह्यांनी "जाऊ दे, दोन हजारच तर आहेत" असं म्हटलं नसतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं.

मुलाने सांगितलं म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधला. तो साइटच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतो, पण असावाच लागतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. त्याच नियमांत असंही आहे, की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. म्हणजे वस्तू 'बंद' असायची गरजच नव्हती! मी आठवडाभर चुकीच्या मुद्द्यावर भांडत होते. बिघडलंय असं म्हणू नका, जाहिरातीप्रमाणे नाही असं म्हणा. खरेदी करतानाच विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण माझ्या तक्रारीनंतर त्या पानावर 'फोनसह' हा शब्द उगवला. माझ्याकडे जुना फोटो होता तो निव्वळ योगायोगाने, मैत्रिणीला दाखवायला काढलेला.

पोच आली, उत्तर आलं नाही. मग १९१५ ला फोन लावला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. बाईंनी तक्रार क्रमांक दिला, स्क्रीनशॉट मागवले, आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. मग मात्र चक्रं फिरली. नवा पिकअप, कसलेही फोटो नाहीत, आणि २३ व्या दिवशी खात्यात २,२५० रुपये. ४९ रुपये डिलिव्हरी चार्ज कापला. त्यासाठी पुन्हा लिहिलंय. जिंकल्याचा आनंद झाला हे कबूल करते, ह्यांना मेसेज तीनदा दाखवला.

आता घड्याळ. दुसरं घेतलं ते ६,४९९ ला, स्वतःचं जीपीएस असलेलं. गार्मिनसारख्या महागड्या घड्याळांचे लोक ज्या किमती सांगतात त्या आपल्यासाठी नाहीत, आणि माझ्या कामाला त्यांची गरजही पडली नाही. दुकानात एकच विचारा: फोन घरी ठेवला तर नकाशा उमटेल का? दुकानदार अडखळला तर पुढच्या दुकानात जा. सुरू करताना मोकळ्या आभाळाखाली उभं राहायचं, सिग्नल पकडला असं दाखवल्यावरच पाय उचलायचा. मी पहिले दोन दिवस जिन्यातूनच सुरू केलं आणि नकाशावर अर्धा किलोमीटर शेजारच्यांच्या छपरावरून पळाले.

पुण्याला गेले तेव्हा सणस मैदानावर ते तपासलं. ट्रॅक ४०० मीटरचा, पण तो फक्त सगळ्यात आतल्या लेनचा. तिथल्या एका पोरीने "काकू, हळू पळणाऱ्यांनी बाहेरून" म्हणून मला चौथ्या लेनमध्ये काढलं, तिथे एक फेरी साधारण ४२३ मीटर भरते. दहा फेऱ्यांचे ४.२३ व्हायला हवेत, घड्याळाने ४.२९ दाखवले. मला एवढं पुरे. घाटात मात्र ते आखूड वळणं थोडी कापतं, तिथे कमीच दाखवतं.

कॅलरींचं मी मनावर घेणं सोडलंय. सपाटीवर वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी, हा पळणाऱ्यांचा ढोबळ हिशोब. माझं वजन ६२, म्हणजे ६ किलोमीटरला ३७० च्या आसपास, घाटाचा चढ धरून थोडं जास्त. बँडचे ६१० कुठले, तर त्यात नुसतं श्वास घेत बसण्याच्याही कॅलरी धरलेल्या आणि किलोमीटर तर फुगवलेलेच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली, तर कॅलरीत सगळ्यात बरं होतं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्यामानाने हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. ठोक्यांसाठी पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर दोन बोटं, घट्ट बांधायचा. बांगड्यांच्या हातात नको, मी उजव्या हातात घालते.

आणि हो, ज्यांच्या पँटला खिसा आहे त्यांनी घड्याळ घेऊच नये, फोनचं अ‍ॅप पुरतं. फक्त त्या अ‍ॅपपुरतं बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर फोन त्याला अध्येमध्ये झोपवतो आणि तुमचं दीड किलोमीटर हवेत जातं.

चार्जरचं राहिलं. प्रत्येक बँडचा चार्जर वेगळा, हरवला तर तसाच मिळणं अवघड, हे घेण्याआधीच बघून ठेवा. दुसऱ्या पिकअपच्या पोराने माझा बँड नेला, चार्जर विचारलाच नाही. दोन पिनांचा आहे, घरातल्या कशालाच बसत नाही. ४९ रुपये येईपर्यंत तो माझ्या ड्रॉवरमध्ये.