टॉम आजीलाही कळायचा

शाळेच्या गेटवर पोरं सुटायची वाट बघत आम्ही चार-पाच आया उभ्या असतो आणि दर दोन-चार दिवसांनी हा विषय निघतोच, की आपल्या वेळची कार्टून्स काय मस्त होती आणि आता ही पोरं काय बघत बसतात. मीपण कितीतरी वेळा मान डोलावलीय. पण या मे महिन्याच्या सुट्टीत लेकीबरोबर (ती सहा वर्षांची आहे) बसून जुनं-नवं दोन्ही भरपूर बघितलं आणि आता मला ते तितकंसं पटत नाही.

आमच्यासाठी कार्टून म्हणजे १९९३ सालचा मोगली. रविवारची सकाळ, मिरजेतल्या आमच्या वाड्यात एकच रंगीत टीव्ही, तोही मागच्या काकूंकडे, आणि आंघोळ झाल्याशिवाय आत यायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे ओल्या केसांची दहा-बारा पोरं सतरंजीवर दाटीवाटीने. मूळ मालिका जपानी, ५२ भागांची, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे ती घराघरात पोचली ती गुलजारांच्या शीर्षकगीतामुळे आणि शेरखान वाघाला नाना पाटेकरांचा आवाज होता त्यामुळे. तो आवाज आला की सतरंजीवर चिडीचूप. आता लेकीबरोबर परत बघताना दिसलं की बऱ्याच ठिकाणी चित्र हलतच नाही, नुसतं तोंड उघडमीट करतंय. तिच्या ते पटकन लक्षात आलं. पण शेरखान बोलायला लागला तशी ती सरकत सरकत माझ्या मांडीवर आली, ते पण खरं.

चित्रांमधली ही काटकसर सगळीकडेच होती. हॅना आणि बार्बेरा या दोघांनी १९४० पासून टॉम अँड जेरी केलं ते थिएटरात दाखवायला, पैसा होता, वेळ होता, सात ऑस्कर मिळाले. मग १९५७ मध्ये स्टुडिओने कार्टूनचा विभागच बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले, तिथे पैसा अगदी कमी. म्हणून त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आली. धड तसंच ठेवायचं आणि कॉलरच्या वरचं डोकं तेवढं नवीन काढायचं, जोड दिसत नाही. लहानपणी मला कधी प्रश्नच पडला नव्हता की जंगलातल्या अस्वलाला टाय कशाला! आणि टॉम अँड जेरीतली ती घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई, जिचे बहुतेक वेळा फक्त पाय दिसतात, ती ज्या पद्धतीने दाखवलीय ते आज लेकीला शेजारी बसवून मला बघवत नाही. मी तिला थांबवून समजावून सांगितलं.

उलट आताचं ब्लुई बघा. ऑस्ट्रेलियातलं, २०१८ चं, सात-सात मिनिटांचे एपिसोड. कुत्र्यांचं कुटुंब आहे, आईबाबा आणि दोन मुली, आणि गोष्ट काय तर फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही. बास, एवढंच. भांडण नाही, व्हिलन नाही. तो एपिसोड संपल्यावर लेकीने वाढदिवसाचा उरलेला एक मऊ पडलेला फुगा कपाटावरून काढायला लावला आणि अर्धा तास आम्ही दोघी पंखा बंद करून, घामाघूम होऊन तो फुगा हॉलभर वर ठेवत होतो. माझ्या लहानपणी असं एकही कार्टून नव्हतं जे बघून आई माझ्याबरोबर खेळायला उठली असेल. आणि छोटा भीम, त्याच्यावर आमच्या गेटवर फार टीका होते, पण २००८ मध्ये तो आला तेव्हा धोतर नेसलेला, लाडू खाणारा, आपल्या गावासारख्या गावात राहणारा पोरगा रोज टीव्हीवर दिसायला लागला, ही काही लहान गोष्ट नाही. सगळंच चांगलं आहे असं नाही, दर दोन सेकंदांनी काहीतरी चमकवणारे, किंचाळणारे व्हिडिओ मी घरात लावूच देत नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते तेव्हाही होतं, आताही आहे. यातलं काहीच मूळचं आमच्या भाषेतलं नाही. मोगली हिंदीत. एक चिडिया अनेक चिडिया, ती १९७४ ची विजया मुळ्यांची फिल्म, जाळ्यासकट उडणारी पाखरं, ती हिंदीत. नाना पाटेकरांसारखा आमचा माणूस शेरखान झाला तोपण हिंदीतच! आता डोरेमॉन हिंदीत. हिंदीशी माझं काहीच वाकडं नाही, पण सहा वर्षांची पोरगी "आई, मला यकीन नाही होत" म्हणते तेव्हा पोटात तुटतं. युट्यूबवर मराठी बालगीतं ढिगाने आहेत, कुठेकुठे मराठी ऑडिओही मिळतो, पण पोरांच्या ओठावर बसेल असं मराठीत जन्मलेलं, मराठीत भांडणारं, मराठीत रुसणारं कार्टून कुठंय?

माझी आजी मोगलीला कधीच बसली नाही, हिंदी कळायचं नाही तिला. पण नंतर घरात केबल आली, कार्टून नेटवर्क दिसायला लागलं, आणि टॉम अँड जेरी लागलं की ती सुपात सोलायच्या शेंगा घेऊन टीव्हीपुढे यायची. त्यात बोलणंच जवळपास नाही ना. टॉम चोरपावलांनी निघाला की वाद्यंपण चोरपावलांनी निघतात, तो आपटला की तीपण आपटतात. आजी पदर तोंडाला लावून हसायची, शेंगा तशाच राहायच्या. आमच्या घरात आजी आणि मी दोघींचं मिळून असं तेवढं एकच कार्टून होतं.

आता सासूबाई आमच्याकडे असतात. संध्याकाळी डोरेमॉन लागतं, त्या शेजारी बसून विचारतात, "काय म्हणाला गं हा?" आणि लेक प्रत्येक वाक्य त्यांना मराठीत करून सांगते, आवाज बदलून बदलून, त्यातल्या नोबिता नावाच्या मुलाचं रडणं सुद्धा. परवा मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मध्येच ती अडली. "आजी, तो म्हणाला त्याला अजून उम्मीद आहे... आई, उम्मीदला मराठीत काय म्हणतात?" मी हातातली पोळी तव्यावर टाकून सांगणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "आस, बाळा. आस आहे त्याला." लेकीने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि पुढचं वाक्य सांगायला लागली.