सातशे तीस सुया आणि त्यानंतर

माझी पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी गेली आणि पुढची चौदा वर्षे मी हाडांचा विचार एकदाही केला नाही. त्रेसष्टाव्या वर्षी भरलेली बादली उचलताना पाठीत कळ आली, ती आठवडाभर ओसरेना, म्हणून एक्स-रे काढला. त्यात एक मणका दबलेला निघालाच, शिवाय त्याच्या खालचा दुसराही पूर्वीच कधीतरी दबून गेल्याचे दिसले. तो केव्हा मोडला याचा मला आजही पत्ता नाही. उंची मोजली, तर ती जुन्या नोंदीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली. आपले कपडे अलीकडे लांब शिवले जातात, असा माझा तोवर समज होता.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे ३.४ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. आठवड्याला एक अशी गोळी आधी सुरू झाली होती. ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, एवढे पथ्य पाळूनही छातीत जळजळ होऊ लागली आणि ती बंद करावी लागली. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की गोळी झीज रोखते, पण दोन मणके आधीच मोडलेल्या बाईला पहिल्यांदा नवे हाड घडवणारे औषध मिळालेले बरे. आणि त्यांनी टेरिपॅराटाइड सुचवले. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, आपल्या हाताने, दोन वर्षे. "आई, तुला जमेल का हे?" असे मुलीने विचारले तेव्हा मी होकार दिला खरा, पण तो धीटपणापेक्षा संकोचाने दिला होता.

या औषधाची गंमत मला नंतर कळली. ते पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचाच एक तुकडा आहे, आणि ते संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडातले कॅल्शियम ओढून काढते. मात्र दिवसातून एकदा थोडेसे देऊन ओसरू दिले की हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. सुरू करण्याआधी रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. पूर्वी कधी किरणोपचार घेतले आहेत का, हेही विचारले गेले. माहितीपत्रकात उंदरांना झालेल्या हाडाच्या कर्करोगाचा उल्लेख वाचून मी एक रात्र जागून काढली. ठळक चौकटीतला तो इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये काढून टाकल्याचे डॉक्टरांनी सांगितले, आणि मी औषध भरलेले इंजेक्शनचे पेन आणले.

पहिली रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. नर्सबाईंनी पलंगाच्या कडेवर बसूनच टोचायला बजावले होते, कारण सुरुवातीच्या काही मात्रांनंतर उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पोटाची कातडी चिमटीत धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. सुई इतकी बारीक होती की ती आत गेल्याचे मला डोळ्यांनी पाहूनच समजले. बटण दाबून पाच अंक मोजायचे आणि मग बाहेर काढायची, बस. चक्कर दोनतीन वेळा आली आणि थांबली. पायांतले पेटके मात्र महिनाभर पहाटे झोपमोड करत राहिले.

टोचण्याची सवय झाली, तरी पेन सांभाळण्याची शिस्त अंगी यायला वेळ लागला. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, गोठू द्यायचे नाही, दर वेळी नवी सुई लावायची आणि वापरून झाली की लगेच काढून ठेवायची, आणि पहिल्या सुईपासून २८ दिवस झाले की औषध उरले असले तरी पेन टाकून द्यायचे. चौथ्या महिन्यात माझे पेन फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठले. वितळल्यावर ते अगदी पूर्वीसारखे दिसत होते, म्हणून वापरायचा मोह झाला. पण विचारले तेव्हा स्पष्ट नकार मिळाला आणि जवळजवळ पूर्ण भरलेले पेन टाकावे लागले.

वर्षाने मणक्यांचा स्कोअर उणे २.८ वर आला, खुब्याचा मात्र जेमतेम हलला. मी हिरमुसले. हे औषध मणक्यांतल्या जाळीदार हाडात आधी आणि अधिक दिसते, खुब्यात सावकाश, असे उत्तर मिळाले. ते आधी सांगितले असते तर माझा हिरमोड टळला असता.

त्याहून मोठी गोष्टही अशीच उशिरा कळली. चोवीस महिने संपत आले तेव्हा मी सुटकेच्या आनंदात होते, आणि त्या भेटीत मला समजले की पुढचे औषध वेळेवर लागले नाही तर कमावलेले हाड पुन्हा झिजू लागते. पर्याय दोन होते. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी कातडीखाली द्यायचे, पण त्याची तारीख चुकवून चालत नाही, कारण ते थांबताच झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. झोलेड्रॉनिक अॅसिड वर्षातून एकदा शिरेतून, निदान पंधरा मिनिटे. मी माझा स्वभाव ओळखून आहे. वर्षातून एक तारीख पाळणे मला झेपेल, म्हणून दुसरे निवडले. त्याआधी दाताचे काम उरकायचे होते, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याची क्वचित का होईना भीती असते. एक दात काढून जखम भरेपर्यंत पाच आठवडे गेले, आणि ते मला पूर्वीच्या दोन वर्षांहून लांब वाटले.

सलाइन लावण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा झाली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी ताप भरला, अंग असे ठणकू लागले की कूस बदलणेही नको वाटले; पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी उठून बसले. दुसऱ्या वर्षी तापही आला नाही. तिसरी बाटली येत्या वर्षी आहे, आणि त्यानंतर थांबायचे की नाही हे पुन्हा डेक्सा करून ठरणार आहे.