आमची वाटचाल : केळीच्या रोपांपासून जीन टाकणाऱ्या जिवाणूपर्यंत

सुरुवात केळीच्या टिश्यू कल्चर रोपांपासून, जळगावात दुसरं काय होणार म्हणा. दोन खोल्या, एक लॅमिनार (जंतूविरहित हवेचं टेबल), एक ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), बाकी सगळं कर्ज. पण रोपांच्या भावात मोठ्यांपुढे टिकाव लागेना, तेवढ्यात एका कॉलेजच्या मॅडमनी विचारलं, तुमचा कॅलसवर (झाडाच्या पेशींचा बिनआकाराचा गोळा) हात बसलाय तर आमचा जीन भातात टाकून द्याल का? मी हो म्हणून मोकळा.

काम ॲग्रोबॅक्टेरियमचं. हा मातीतला जिवाणू जखमेतून झाडात शिरतो आणि स्वतःच्या प्लास्मिडमधला (डीएनएचं छोटं कडं) डीएनएचा तुकडा झाडाच्या डीएनएत घुसवतो, तिथं गाठ येते. गाठीचे जीन काढून तिथं आपल्याला हवा तो बसवायचा, तंबाखूत हे 1983 ला जमलं. भाताला तो सहजी लागत नाही, पण 1994 ला जपान्यांनी कॅलस आणि ॲसिटोसिरिंगोन वापरून भातातही नीट बसवून दाखवलं. ॲसिटोसिरिंगोन म्हणजे, सोप्या भाषेत, जखमी झाडाची हाक.

कागदपत्रं, जैवसुरक्षा समिती वगैरे उरकून सुरू केलं आणि कितीतरी बॅचेस वाया. हायग्रोमायसिनवर (जीन न बसलेल्या पेशी मारणारं अँटिबायोटिक) कॅलस तपकिरी पडून मरायचा, मॅडमचा फोन आला की पोटात गोळा. मी स्ट्रेन (जिवाणूचा वाण) बदलला, एलबीए4404 सोडून ईएचए105 घेतला, तरी तेच. शेवटी लॅबमधली मुलगी म्हणाली, सर, रात्री लाईट जाते तेव्हा आत किती तापतं बघितलंय का कधी? मिन-मॅक्स थर्मामीटर ठेवला, सकाळी 33! मे महिना आणि जळगाव, मला आधी कळायला हवं होतं. हा जिवाणू 28 ला मस्त वाढतो पण डीएनए सोडायची त्याची यंत्रणा गरमीत ढेपाळते, तिला 22-23 च लागतं. मी बाटलीतली वाढ बघून खूश होतो, येडाच.

इन्व्हर्टरवर छोटा इन्क्युबेटर घेतला. कल्चर पातळ केलं, कॅलस मीडियाऐवजी ओल्या फिल्टर पेपरवर ठेवला म्हणजे जिवाणू माजत नाही. पुढच्या गस टेस्टला (जीन पोचला की पेशी निळ्या होतात) निळे ठिपके दिसले, ती मुलगी वाटी घेऊन अख्ख्या लॅबभर फिरली.

2024 ला बर्कलीच्या लोकांनी प्लास्मिडच्या जिवाणूतल्या कॉपीज वाढवून कार्यक्षमता वाढवली, तसलं प्लास्मिड आता आम्हीही ट्राय करतोय. पहिली बॅच कालच लावलीय, 22 वर.