धंदा कायदेशीर करावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, एकदा तर मी तोंड उघडून बसलेली असताना दंतवैद्याने विचारलं, "वकीलबाई, वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का हो?" तेव्हा बोलायची सोय नव्हती.

मुळात सज्ञान बाईने मर्जीने हा धंदा करणं आपल्याकडे गुन्हा नाहीच. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याने, आम्ही त्याला 'पिटा' म्हणतो, गुन्हा ठरवलंय ते तिच्या भोवतीचं सगळं. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं, गुन्हा. दोघींनी मिळून खोली घेऊन धंदा केला, तर ती खोली कुंटणखाना. म्हणजे एकटी राहा. गिऱ्हाईक अंगावर आलं तर हाक मारायला शेजारी मैत्रीण नको.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की या बायकांना सन्मानाने वागवा, शिवीगाळ आणि मारहाण करू नका. कलमं मात्र जागच्या जागी आहेत.

'कायदेशीर करा' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा परवाना, नोंदणी, सक्तीची तपासणी असते. मला ते नको. पोलिसांचा रस्त्यावरचा हप्ता परवान्याच्या खिडकीवर जाईल, एवढंच. मला हवंय न्यूझीलंडसारखं. २००३ मध्ये तिथल्या संसदेने ६० विरुद्ध ५९ मतांनी गुन्ह्याची कलमंच काढली. चौघींपर्यंत एकत्र, आपापल्या कमाईवर काम करायला परवानाही लागत नाही. स्वीडनने १९९९ मध्ये फक्त गिऱ्हाइकाला गुन्हेगार केलं. माझ्या काही मैत्रिणी त्या बाजूच्या आहेत आणि त्यांच्याशी वादात मी दरवेळी जिंकते असं नाही. अल्पवयीन मुली, फसवून आणलेल्या बायका यांच्याबद्दल मात्र आमच्यात वादच नाही; त्यांच्यासाठीचे कायदे कडकच हवेत.

माझं मत पक्कं झालं ते 'पिटा'च्या कलम ४ मुळे. एक बाई मुलाला घेऊन आली होती. पोरगा बारावीत, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. "आता याला मी जेवू घातलं तर याच्यावर केस होते का?" मी कलम वाचून दाखवलं: अशा कमाईवर, पूर्ण किंवा अंशतः, जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणीही व्यक्ती, दोन वर्षांपर्यंत कैद. पोरगा मान खाली घालून दप्तराची चेन उघडझाप करत होता.

उठताना तिने माझी फी विचारली. मीही अठराच्या पुढचीच.