आमची वाटचाल : चर खणण्यापासून चर भरण्यापर्यंत

भाड्याच्या जेसीबीवर आमचं काम सुरू झालं. सोलापुरात गल्लीबोळांतून पाण्याच्या लायनी टाकायचो. चर खणायचा, पाइप टाकायचा, निघालेली काळी माती बकेटने एका दमात आत लोटायची आणि वरून जेसीबीचं चाक फिरवून बिल लावायचं. आजूबाजूला सगळे तसंच करायचे.

पहिल्याच मोठ्या पावसात आमचा एक चर वीतभर खचला. पहाटे दूध घालणाऱ्याची मोटारसायकल त्यात आडवी झाली, त्याचं मनगट मोडलं. त्याला भेटायला गेलो, पण तोंडून शब्द फुटेना. चूक माझीच होती.

चाक फिरवल्याने वरचा थर तेवढा दबतो, खाली माती पोकळच राहते. पाणी मुरलं की ती बसते. त्यात आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती आता आम्ही रस्त्याखाली परत घालत नाही, मुरूम आणतो. पाइपच्या दोन्ही कुशींत बारीक मुरूम हाताने धुम्मस मारून बसवतो, कारण तिथे पोकळी राहिली तर पाइपला खालून आधारच उरत नाही. पाइपच्या डोक्यावर फूटभर भराव झाल्याशिवाय रॅमर, म्हणजे माती कुटायचं यंत्र, लावू देत नाही. पुढे १५ ते २० सेंटिमीटरचा एकेक थर, प्रत्येकाची वेगळी कुटाई. कितीही घाई असली तरी दोन थर एकत्र नाहीत.

खरी मेख पाण्यात आहे. कोरडा मुरूम कितीही कुटा, दबत नाही. जास्त भिजला तर रॅमरखाली नुसता हलतो. आमचे मुकादम मुठीत दाबून बघतात : गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. मोठ्या कामावर वाळू ओतून घनता मोजायची चाचणी करतो. प्रयोगशाळेत तोच मुरूम कुटून जी कमाल कोरडी घनता (पाण्याचं वजन वगळून) मिळते, तिच्या ९५ टक्के भरली नाही, तर थर उकरून पुन्हा कुटतो.

यात वेळ आणि डिझेल जातं. कमी दरवाल्यांपुढे आमची बरीच टेंडरं गेली. एका वर्षी तर रॅमर विकायची वेळ आली होती; बायकोने बांगड्या गहाण ठेवून तो वाचवला. तो अजून चालतो.

आजही मोठा पाऊस उघडला की मी आणि मुकादम जुन्या चरांवरून चालत जातो. रस्त्यावर सरळपट्टी आडवी धरतो आणि खाली फट दिसते का, ते वाकून बघतो.