न वाचताच वाटणारी भीती

आज वाचनालयात एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, 'हे पुस्तक इथे नको, पोरं बिघडतील.' मी विचारलं, 'तुम्ही वाचलंय का?' तर म्हणाले, 'वाचायची गरजच काय?' दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

पुस्तकाची भीती बहुतेक वेळा अशीच, न वाचता वाटते. 10 मे 1933 ला नाझी जर्मनीत, बर्लिनच्या चौकात हजारो पुस्तकांची होळी झाली. ती पेटवण्यात पुढे कोण होते, तर विद्यापीठातले विद्यार्थी! मला हे सगळ्यात जास्त हादरवतं. 1992 च्या ऑगस्टमध्ये, बोस्नियातल्या युद्धात, तिथल्या सारायेव्हो शहरातलं राष्ट्रीय ग्रंथालय तोफा डागून पेटवलं, तेव्हा गोळीबार चालू असतानाही लोक पुस्तकं बाहेर काढत होते. त्यात एका ग्रंथपाल तरुणीचा जीव गेला.

आणि सोव्हिएत काळातले ते वाचक! बंदी असलेला मजकूर टाइपरायटरवर, पातळ कागदांमध्ये कार्बन घालून उतरवायचे. सगळ्यात खालची प्रत इतकी पुसट की अक्षरं लावत वाचावं लागे. कधीकधी ती एका रात्रीपुरतीच हाती यायची. घरातली माणसं वाचून झालेली पानं एकमेकांकडे सरकवत पहाटेपर्यंत जागायची. सापडलं तर तुरुंग, हे ठाऊक असूनसुद्धा.

पोरं वाचून बिघडत नाहीत हो, प्रश्न विचारायला लागतात. त्या गृहस्थांना मी म्हटलंय, आपण दोघं मिळून वाचू, मग भांडू. अजून हो म्हणालेले नाहीत. उद्या पुन्हा विचारणार आहे.